प्राणी-वनस्पतींच्या जुन्या वर्गीकरणावर लिहिताय? या चुका टाळा

पहिली चूक बहुतेक वेळा पहिल्याच वाक्यात होते: ‘वर्गीकरणाची सुरुवात लिनियसने केली.’ लिनियस हा अठराव्या शतकातला स्वीडिश निसर्गअभ्यासक. त्याच्या दोन हजार वर्षं आधी अॅरिस्टॉटलने प्राण्यांची सरक्त आणि रक्तहीन अशी विभागणी केली होती (रक्त म्हणजे लाल रक्त, हे लक्षात ठेवा). दोन शब्दी नावंही (पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा) वनस्पतीअभ्यासक कास्पर बोहिनच्या १६२३च्या ग्रंथात अनेक ठिकाणी आढळतात. लिनियसने ती पद्धत सगळ्या जातींना नेमाने लावली. हे काम अफाट आहे, पण ती सुरुवात नव्हे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो लिनियसच्या वनस्पतींच्या २४ वर्गांना नातलगांचे गट समजल्याने. हे वर्ग मुख्यतः पुंकेसरांवरून पाडलेले होते. भात निसवल्यावर, ऊन थोडं चढलं की लोंबीतलं उघडलेलं फूल भिंगाखाली धरा. पुंकेसर सहा दिसतील. गव्हाच्या फुलात तीनच असतात. त्यामुळे भात जाऊन बसला कांदा-लसणाच्या वर्गात आणि गहू वेगळ्याच वर्गात! दोन्ही गवतकुळातली पिकं, तरी ही ताटातूट. ही मांडणी कृत्रिम आहे, हे लिनियसलाही ठाऊक होतं. नवख्याला अनोळखी झाड मोजून ओळखता यावं, एवढं काम ती चोख करत होती. गट कशासाठी पाडला होता हे न पाहता त्याला चूक ठरवू नका.

चरकसंहितेबद्दलही हेच. तिथे वनस्पती हा झाडांचा एक खास गट आहे: फूल न दिसता फळ धरणारी झाडं. उंबर त्यातलाच. उंबर फोडलं की आत बारीक फुलांची दाटी दिसते, म्हणून ‘त्यांना फुलंच माहीत नव्हती’ असं लिहून मोकळं होऊ नका. निकष बाहेरून दिसण्याचा होता.

‘जुनं ते चुकीचं, नवं ते बरोबर’ हेही टिकत नाही. डॉल्फिन फुप्फुसाने श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो, हे पाहून अॅरिस्टॉटलने त्याला माशांपासून वेगळं काढलं होतं. लिनियसने मात्र १७३५मध्ये देवमासे आणि डॉल्फिन माशांतच घातले होते. सस्तन प्राण्यांत ते आले त्याच्या ‘सिस्टेमा नॅच्युरी’ या ग्रंथाच्या १७५८च्या दहाव्या आवृत्तीत.

सालांची सरमिसळही टाळा. आजच्या नामकरणाच्या नियमांत बहुतेक वनस्पतींच्या नावांचा आरंभ १७५३पासून धरतात, प्राण्यांच्या नावांचा १७५८पासून.