पहिली पॉझिटिव्ह तारीख म्हणजे लागणीची तारीख नाही

एचआयव्ही कोहोर्टवर (तेच रुग्ण वर्षानुवर्षं तपासत राहायचा अभ्यास) नवीन कामाला लागलेल्यांसाठी लिहितेय. सीडी४, व्हायरल लोड, एआरटी तुम्हाला माहीत आहे असं धरते.

माझं काम होतं हिपॅटायटिस सीची नवीन लागण कोणाला कधी झाली ते काढायचं. मी सरळ पहिल्या पॉझिटिव्ह रिपोर्टची तारीख उचलली आणि आठ महिने त्यावर मॉडेल चालवत बसले. मग एक फाइल हातात आली. मार्चमध्ये अँटीबॉडी टेस्ट (व्हायरसविरुद्ध शरीर जे प्रथिन बनवतं ते शोधणारी) निगेटिव्ह, मधल्या दोन व्हिजिट चुकलेल्या, १४ महिन्यांनी पॉझिटिव्ह. म्हणजे लागण या १४ महिन्यांत कधीही झालेली असणार ना? आणि जे नेमाने येतात त्यांची लवकर सापडते, जे येत नाहीत त्यांची उशिरा, म्हणजे मी मोजत होते ते कोण किती वेळा क्लिनिकला येतं तेच. पुढे मार्चचा साठवलेला प्लाझ्मा उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधून काढून आरएनए टेस्ट (थेट व्हायरस शोधणारी) केली तर व्हायरस तेव्हाच होता! अँटीबॉडी यायला साधारण ८ ते ११ आठवडे लागतात, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) खूप कमी असेल तर त्याहून उशीर होतो, कधी येतच नाही. आरएनए एक-दोन आठवड्यांत दिसतो. म्हणजे माझी निगेटिव्ह तारीखसुद्धा खोटी निघाली. त्या दिवशी खूप रडले.

म्हणून प्रत्येकाच्या दोन तारखा ठेवा, शेवटची निगेटिव्ह आणि पहिली पॉझिटिव्ह, आणि दोन्हींपुढे टेस्ट कोणती ते लिहा. गॅप मोठा असेल तर मधली तारीख धरून मोकळे होऊ नका, इंटरव्हल सेन्सरिंग (लागण दोन तारखांच्या मध्ये कधीतरी झाली एवढंच माहीत असताना वापरायची पद्धत) शिकाच. अवघड वाटतं, पण दोन आठवडे बसलात की जमतं, खरंच जमतं.

हिपॅटायटिस सीमधून बरं झालेल्यांची अँटीबॉडी पॉझिटिव्हच राहते, त्यामुळे पुन्हा लागण झाली का ते अँटीबॉडीवरून नाही, आरएनएवरून कळतं. हिपॅटायटिस बीमध्ये वेगळीच गंमत नाही तर धोका आहे, टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन ही एआरटीतली औषधं एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी दोन्ही व्हायरसवर चालतात, म्हणून बी व्हायरसचा डीएनए दिसेनासा झाला की इन्फेक्शन गेलं असं लिहू नका. औषध बदललं किंवा थांबलं की लिव्हर एन्झाइम भडकू शकतात, तेव्हा औषधाच्या तारखा शेजारी हव्यातच.

डेटाशीटमधला रिकामा सेल म्हणजे निगेटिव्ह नाही. मागच्या व्हिजिटची व्हॅल्यू पुढे ओढायचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही, कोणी कितीही सांगो.

स्टॅटिस्टिक्स शिकवणारा गाइड मिळाला तर उत्तमच, पण आधी लॅबमधल्या जुन्या टेक्निशियनपाशी बसा. टेस्ट किट कधी बदललं, किती कमी व्हायरसपर्यंत ते पकडायचं (लिमिट) हे त्यांनाच ठाऊक असतं, माझ्या गाइडना नव्हतं.

आणि व्हिजिट चुकली तर कारण लिहाच, तब्येत बिघडली, काम सुटत नव्हतं, कोणी ओळखीचं बघेल ही भीती, काहीही असो. जास्त आजारी माणसंच बऱ्याचदा गळतात आणि उरलेल्यांचा डेटा उगाच छान दिसतो.