पाचरीसारखा छोटा शिंपला कसा ओळखावा? आधी पुढचं टोक ठरवा

बडोद्यात समुद्र नाही, पण सुट्ट्या संपल्या की दांडिया बाजारातल्या आमच्या घरी कुणी ना कुणी दीवहून नाहीतर रत्नागिरीहून शिंपल्यांची पिशवी घेऊन येतंच. त्यात दोन-तीन सेंटीमीटरचे, पाचरीच्या आकाराचे गुळगुळीत शिंपले असले, तर ते बहुधा डोनॅक्स.

रिकामेच उचला, शक्यतो दोन्ही शिंपा (शिंपल्याचे दोन अर्धे भाग) जोडलेले. साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा आणि जागा-तारखेची चिठ्ठी लगेच लावा. चमक यावी म्हणून व्हिनेगर किंवा लिंबू अजिबात लावू नका. शिंपला चुन्याचा असतो, आम्लाने बिजागरीचे बारीक दात झिजतात, आणि ओळख पटायची ती त्याच दातांवरून.

आता खरी अडचण: पुढचं टोक कोणतं? ‘लांब बाजू ती मागची’ हा सल्ला सर्रास दिला जातो. डोनॅक्सला तो लावू नका. इथे आखूड, तिरकी छाटल्यासारखी बाजू मागची आणि लांब, निमुळती बाजू पुढची. प्राणी लांब बाजूने पाय काढून वाळूत घुसतो. आखूड टोक वर राहतं आणि तिथून पाणी आत-बाहेर करणाऱ्या त्याच्या दोन नळ्या बाहेर येतात. मी हे उलटं धरून चाळीसेक शिंपांना चिठ्ठ्या लावल्या होत्या. पुढचं-मागचं चुकलं की डावं-उजवंही चुकतं. मग पुस्तकात ‘उजव्या शिंपेचा पुढचा दात’ वाचायचं आणि भलत्याच शिंपेत शोधत बसायचं. त्या सगळ्या चिठ्ठ्या मला नव्याने लिहाव्या लागल्या.

म्हणून नुसत्या आकारावर जाऊ नका, दोन खुणा पडताळा. बाहेरून बिजागरीच्या उंचवट्यामागे तपकिरी, चामड्यासारखा बंध असतो. तो मागच्या बाजूला. किनाऱ्यावर लोळलेल्या शिंपेत तो बरेचदा गळून गेलेला असतो, तेव्हा आत बघा. आतली बाजू किंचित ओली करा आणि टॉर्च आडवा धरा. वरून उजेड टाकलात तर काहीच दिसणार नाही. कडेला समांतर एक फिकट रेघ दिसेल, ती प्रावार रेषा. एका टोकाशी ती आत वळून खाडीसारखी खोबण करते. नळ्या आत ओढून घ्यायची ती जागा. खोबण ज्या टोकाकडे उघडते, ते मागचं. या खुणेने मला आजवर दगा दिलेला नाही.

मग बिजागरी वर आणि पुढचं टोक आपल्यापासून लांब असं धरा. डाव्या हाताला येते ती डावी शिंप.

रंगावरून जात ठरवू नका. एकाच जातीत पांढरे, पिवळे, जांभळट सगळे निघतात. बिजागरीचे दात, पाठीवरच्या रेघा, खोबणीची खोली आणि आतली कड दातेरी की गुळगुळीत, हे बघा.

वरच्या पायऱ्या सोप्या: मृदुकाय संघ, बायव्हाल्व्हिया वर्ग, कार्डिइडा गण, डोनॅसिडी कुल. जुन्या पुस्तकांत गण व्हेनेरॉइडा दिसेल, गोंधळू नका.

डोनॅक्स ही प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली मांडली. त्यातल्या काही जाती पुढे दुसऱ्या प्रजातींत गेल्या, तेव्हा चालू नाव ‘वर्म्स’ (WoRMS) या समुद्री जीवांच्या ऑनलाइन यादीत तपासा. प्रजाती बदलली असेल तर नाव देणाऱ्याचं नाव आणि साल कंसात जातं: ‘तिसऱ्या’ म्हणून खातात त्या शिंपल्यांतली मेरेट्रिक्स मेरेट्रिक्स (लिनियस, १७५८) त्याने व्हीनस म्हणून नोंदवली होती, म्हणून हा कंस.

जात ठरत नसेल तर ‘डोनॅक्स, जात अनिश्चित’ एवढंच लिहा आणि दोन्ही शिंपा एकाच डबीत ठेवा.