सत्कार करा, पण आधी आप्पांची पेटी उघडा

दोन वर्षांपूर्वी आम्ही युनियनच्या रिटायर लोकांचा सत्कार ठेवला होता, भुसावळला, एक मे, टाइम सकाळी दहाचा. पाहुणे उगवले साडेबाराला. मे महिन्यातलं भुसावळ काय असतं ते आपल्याकडच्यांना सांगायला नको, त्यात पत्र्याचा हॉल, दोन पंखे, आणि पंच्याहत्तरीची माणसं घाम पुसत बसलेली. मी एका आप्पांच्या खांद्यावर शाल टाकतोय तर ते हळूच म्हणतात, "शाल राहू दे भो, मले बसाले खुर्ची दे पह्यले." अकरा भाषणं झाली आणि ज्यांचा सत्कार होता त्यातला एकही माणूस बोलला नाही, नारळ घेऊन घरी गेले बिचारे. तेव्हा जे चुकलं ते सगळं इथे लिहितोय, तुम्ही तरी करू नका.

पहिलं म्हणजे तारीख. एक मे ला झेंडावंदन करा, घोषणा द्या, पण म्हाताऱ्या लोकांचा कार्यक्रम नोव्हेंबर-डिसेंबरात ठेवा. तेव्हा बामणोदची वांगी आलेली असतात, कुणाच्या तरी मळ्यात भरीत-पुरी ठेवली की माणूस न बोलावता येतो, आणि शाल पण त्या थंडीत खरंच अंगावर घेतली जाते. दुसरा फायदा मोठा आहे. सरकारी पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो, मग तिथेच एक टेबल टाकून दोन पोरं बसवा, चेहरा दाखवून दाखला आता मोबाइलवरच निघतो, फक्त आधार नंबर, पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या कागदावरचा) आणि बँक पासबुक घेऊन या असं आमंत्रणातच लिहा. ईपीएफच्या (पीएफ ऑफिसकडून मिळणाऱ्या) पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरची सक्ती नाही, ज्या दिवशी दिला तिथून एक वर्ष चालतो, पण कुणाचा संपत आला असेल तर त्याचाही काढून टाका. किमान १००० रुपये पेन्शन २०१४ पासून तिथल्या तिथेच आहे, तीही दाखल्यापायी अडकली तर त्या माणसाने काय करायचं?

भाषणं दोन, पाच-पाच मिनिटांची. बाकी माइक रिटायर माणसाच्या हातात. आणि त्यांच्या घरच्या बायांना, ज्यांचे नवरे गेले त्या काकूंना पण बोलवा, मागच्या रांगेत नाही, पुढे बसवा. १९७४ चा रेल्वेचा संप ८ मे ते २७ मे चालला, वीस दिवस, सतरा लाखांच्या आसपास माणसं बाहेर होती, हजारो जेलमध्ये गेली, किती जणांची क्वार्टर खाली करायला लावली. संपात मागितलेला बोनस रेल्वेत आला तो १९७९-८० पासून, म्हणजे त्या वीस दिवसांचं फळ पाच वर्षांनी. ते वीस दिवस चूल कोणी पेटती ठेवली ते काकूंनाच माहीत.

रेकॉर्डिंग करताना "तुमच्या संघर्षाबद्दल सांगा" असं विचारू नका, मग माणूस भाषण सुरू करतो. बारीक विचारा. संपाच्या दिवशी डबा नेला होता का, किराणावाल्याने उधार दिलं का, पहिली नोटीस कोणाच्या घरी लिहिली, कोण फुटलं (हे उत्तर रेकॉर्ड करायचं का ते त्यांनाच विचारा, त्यांची पोरं-नातवंडं त्याच गल्लीत राहतात). फोन आडवा धरा, पंखा बंद करा, सुरुवातीला तारीख आणि ते कुठल्या खात्यात कामाला होते ते बोलून घ्या. एका बैठकीत तास-पाऊण तास, त्यापुढे माणूस थकतो आणि तेच तेच सांगतो.

आता पेटी. प्रत्येक जुन्या युनियनवाल्याच्या घरी पत्र्याची पेटी असतेच, तिच्यात युनियन-मालक करारांच्या कॉप्या, मागणीपत्रं, पावत्या, आणि ती सायक्लोस्टाइलची जांभळट शाईची पत्रकं, चार घड्या घालून, वर गंजलेली टाचणी. जिथे मिलच राहिली नाही, जळगावची खान्देश मिल घ्या, तिथे तर कागद या पेट्यांशिवाय मिळणार कुठे? माझ्या ओळखीचे एक तात्या गेले, मी पंधरा दिवसांनी त्यांच्या घरी गेलो तर पोरगा म्हणे कागद होते हो, रद्दीत दिले. म्हणून वाट पाहू नका. गंजलेली पिन हळूच काढा, घडी उलगडून खिडकीच्या उजेडात फोटो घ्या, फ्लॅश नको. लॅमिनेशन तर अजिबात करू नका, कागद त्यात कायमचा अडकतो. फाइलला नाव देताना आधी साल मग विषय, आणि एक कॉपी ऑफिसला, एक पेनड्राइव्हवर, एक त्यांच्या घरच्यांकडे. मूळ कागद त्यांचाच, मागून आणलेला परत द्या, नाहीतर दुसऱ्या वेळी पेटी उघडणार नाही.

एवढा खटाटोप कशाला, असं आमच्यातल्याच एकाने विचारलं होतं. त्याला सांगितलं ते इथेही सांगतो. कराराची मुदत संपली म्हणजे करार मेला असं नसतं, कुणीतरी रीतसर लेखी नोटीस देऊन तो मोडेपर्यंत, आणि नोटिशीनंतरही दोन महिने, तो चालू असतो. आणि वर्षानुवर्षं चालत आलेली सवलत बंद करायची तर मालकाला आधी २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते, हे जुन्या कायद्यातही होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला २९ कायदे जाऊन ज्या चार कामगार संहिता आल्या त्यातही आहे. पण सवलत चालत आलेली होती हे सिद्ध कोण करणार? नवीन पोरगं काल लागलंय. ते रिटायर माणूसच सांगू शकतो, आणि त्याच्याकडे कागद असला तर मग बोलायलाच नको.

म्हणून पंगतीत कॉन्ट्रॅक्टवरची पोरं आप्पा-नानांच्या शेजारी बसवा, वेगळी नाही. जेवता जेवता ग्रॅच्युइटीचा हिशेब करून दाखवा, शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता) भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. २६ हजार पगार आणि २० वर्षं नोकरी म्हणजे ३ लाख, एवढं साधं आहे, तरी निम्म्या पोरांना आपण त्यात बसतो हेच माहीत नसतं. आता फिक्स्ड टर्मवाल्याला, म्हणजे ठराविक मुदतीसाठी कामावर घेतलेल्याला, एका वर्षानंतरही ती लागू आहे, पाच वर्षं थांबायची गरज नाही, हे तर सुपरवायझर कधीच सांगणार नाही.

मागच्या हिवाळ्यात असंच झालं. एका ठिकाणी, नाव नको, सेकंड शिफ्टचा चहा बंद करायचं चाललं होतं, म्हणे कुठे लिहिलंय. खुर्ची मागणारे तेच आप्पा भरीत खाता खाता म्हणाले, लिहिलंय ना, आणि दुसऱ्या दिवशी पिशवीतून कागद घेऊन आले, चार घड्यांचा, मधोमध फाटलेला, पण खाली दोन्हीकडच्या सह्या स्पष्ट. चहा चालू आहे. आप्पांना म्हटलं या एक दिवस प्यायला, तर म्हणाले गेटवरचा नवीन वॉचमन आत सोडत नाही.