घोरणं, फॉर्म १ए आणि ट्रक डायव्हर : या चुका टाळा

"मामा झोपले की केबिन थरथरते," असं आमच्याकडच्या क्लीनर पोराने सांगितलं तेव्हा ऑफिसातले सगळे हसले. निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरात हसायला एवढं पुरतं. मामा म्हणजे चाकण-होसूर लाइनवरचे आमचे जुने डायव्हर, पन्नाशी ओलांडलेले, मान बैलासारखी. पोरगं पुढे म्हणालं, "पण मधेच आवाज बंद होतो. मी मोबाइलवर मोजलंय. वीस-वीस सेकंद श्वासच नाही. मग एकदम दचकतात आणि परत सुरू." त्यावर मात्र कुणी हसलं नाही. त्याच महिन्यात मी स्वतः मामांचं लायसन रिन्यू करून आणलं होतं, 'फिट' लिहिलेल्या मेडिकलसकट. ते मेडिकल खोटं नव्हतं. डॉक्टरांनी नीट तपासलं होतं. झोपेचं तेवढं विचारलं नव्हतं, कारण फॉर्मात तो प्रश्नच नाही.

झोपेत असा श्वास अडकण्याच्या आजाराला स्लीप ॲपनिया म्हणतात. तेव्हापासून डायव्हरांच्या लायसन-मेडिकलचं काम करताना याबाबतीत ज्या चुका दिसल्या त्या लिहितोय. त्यातल्या दोन-तीन माझ्याच आहेत.

'फिट' लिहिलंय म्हणजे झालं, हा समज

ट्रान्सपोर्ट लायसनला वय काहीही असो, फॉर्म १ए म्हणजे डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतंच. डॉक्टर त्यात नजर बघतात, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का बघतात, चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, ऐकू नीट येतं का, हातपाय आणि सांधे धड आहेत का. सकाळी अकरा वाजता समोर खुर्चीत बसलेल्या माणसाचा रात्री दोन वाजता श्वास अडकतो हे यातल्या कशातूनच कळत नाही.

झोपेची जागा आहे ती फॉर्म १ मध्ये. हा फॉर्म डायव्हरने स्वतः भरायचा असतो. फिट येते का, अचानक शुद्ध हरपते किंवा चक्कर येते का, असं विचारून झाल्यावर शेवटाकडे एक प्रश्न असतो : तुमच्या गाडी चालवण्याने लोकांना धोका होईल असा दुसरा कुठला आजार आहे का? गाडी चालवताना डोळे मिटत असतील तर ते इथे सांगायचं. पण आपल्याकडे एजंट सगळ्या रकान्यांत आधीच 'नाही' भरून ठेवतो आणि डायव्हर बोट दाखवील तिथे सही ठोकतो. मीही तेच करायचो. एका गड्याला मी एकदा तोंडी विचारलं, "फिट येते का?" तर तो छाती काढून म्हणाला, "एकदम फिट!" तेव्हा कळलं, हे प्रश्न त्यांना कुणी कधी वाचूनच दाखवलेले नसतात.

लक्षणं बायकोला विचारणं

डॉक्टर सवयीने विचारतात, "घरी मिसेस काय म्हणतात, घोरता का?" लाइनवरचा डायव्हर महिन्यातल्या किती रात्री घरी असतो? खरा साक्षीदार क्लीनर. त्याला सोबत न्या, नाहीतर त्याला दोन मिनिटांचा व्हिडिओ काढायला सांगा, ज्यात घोरणं, मग शांतता, मग धाप ऐकू येईल. आमच्या मामांच्या बाबतीत छातीच्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी तोच व्हिडिओ बघितला.

होतं असं, की झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते आणि शरीरातला ऑक्सिजन उतरतो. मेंदू घाबरून माणसाला क्षणभर जागं करतो. हे जागणं आठवत नाही, म्हणून माणूस शपथेवर सांगतो, "मी तर आठ तास गाढ झोपतो." दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबला की एक झटका धरतात, श्वास अर्धवट अडकून ऑक्सिजन उतरला तरी तो मोजतात. तासाला असे पाच ते पंधरा असतील तर सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र. रिपोर्टमध्ये हा आकडा एएचआय नावाने येतो.

सकाळी उठल्यावर डोकं जड, तोंड कोरडं, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, गोळ्या चालू असूनही बीपी खाली न येणं, ही सगळी याच घरची पाहुणे मंडळी. मान ४० सेंटीमीटरच्या वर असेल तर संशय वाढतो. पण सडपातळ माणसाला हे होत नाही असं धरून चालू नका. जबडा लहान किंवा मागे असलेल्या बारीक माणसांतही हा आजार निघतो. आमच्याकडचा दुसरा पेशंट काडी पैलवान होता. त्याला तीन वर्षं सगळे म्हणत होते, "तुला कसलं घोरणं, तू जेवत तरी जा."

लायसन जाईल म्हणून गप्प बसणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, आणि भीती अगदीच बिनबुडाची नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६ प्रमाणे आजारामुळे धोका वाटला तर लायसन देणारं कार्यालय लायसन रद्द करू शकतं, किंवा ते चालू ठेवायला नवं मेडिकल मागू शकतं. आपण गाडी चालवायला शारीरिकदृष्ट्या लायक नाही हे माहीत असून चालवली तर कलम १८६ खाली दंडही आहे, पहिल्यांदा हजारापर्यंत, पुढच्या वेळी दोन हजारांपर्यंत. दंड किरकोळ आहे. अपघातानंतर कोर्टात 'याला माहीत होतं' हे सिद्ध होणं किरकोळ नाही.

पण डायव्हर मंडळींना हे कुणी सांगत नाही की स्लीप ॲपनिया आहे म्हणून गाडी चालवायला कायद्यात थेट बंदी नाही. प्रश्न असतो तो तुमच्या गाडी चालवण्याने धोका आहे का एवढाच. उपचार घेऊन दिवसा झापड येत नसेल आणि तसा कागद हातात असेल, तर फॉर्म १एवर सही करणाऱ्या डॉक्टरांना ठरवायला काहीतरी आधार मिळतो. तपासणीच केली नसेल तर असा आधार मिळायचा कुठून?

जे गप्प बसतात ते मग उपाय करतात : तंबाखूचा बार, तोंडात हिरवी मिरची, काच खाली, गाणी मोठ्याने. ताशी ६० च्या वेगात तीन सेकंद डोळा लागला तर गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना ५० मीटरांत काय काय असतं ते पुणेकराला सांगायला नको. झापड आली तर जागा बघून गाडी बाजूला लावायची आणि वीस मिनिटं झोपायचं, बाकीचे टोटके फुकट. आणि सर्दी-खोकल्याचं झोप आणणारं औषध ट्रिपला निघताना घेऊ नका, आजार असो वा नसो.

तपासणीची रात्र वाया घालवणं

याच्यावर जरा जास्त लिहितो, कारण पैसे इथेच बुडतात.

तपासणी दोन प्रकारची. हॉस्पिटलात झोपून करायची, ज्यात डोक्याला तारा लावून मेंदूची नोंद घेतात, आणि घरी करायची, ज्यात बोटाला, नाकाला आणि छातीला पट्टे लावून छोटं यंत्र देतात. घरची स्वस्त पडते म्हणून सगळे तीच घेतात. घ्या, पण तिची खोड समजून घ्या. साध्या घरगुती यंत्राला माणूस झोपलाय की जागा पडलाय हे कळत नाही. ते एकूण झटक्यांना यंत्र चालू असलेल्या तासांनी भागतं. समजा रात्रभरात ९० झटके आले आणि यंत्र सहा तास चालू होतं. आकडा आला पंधरा. पण गडी त्यातले तीन तास अंथरुणात मोबाइलवर रील बघत होता. खरी झोप तीनच तास, म्हणजे खरा आकडा तीस. मध्यमच्या उंबरठ्यावरून थेट तीव्रच्या उंबरठ्यावर. म्हणून पट्टे लावले की मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि कधी आडवे झालात, कधी उठलात ते कागदावर लिहून ठेवायचं.

रात्रीची गाडी चालवणाऱ्याने तपासणी त्याच्या नेहमीच्या झोपेच्या वेळेला ठेवायची, हे डॉक्टरांना आधी सांगावं लागतं. नाहीतर ते रात्री दहाला झोपवतात आणि हा चारपर्यंत टक्क जागा. त्या रात्रीपुरती दारू सोडली तर आकडा चांगला येईल असंही काही जण ठरवतात. येईलही. पण रोज पिणाऱ्याने डॉक्टरांना रोजचं खरं सांगावं, दारूने घसा आणखी सैल पडतो. पट्टा निसटून रिपोर्ट 'नॉर्मल' आला आणि क्लीनरचा व्हिडिओ वेगळंच सांगत असेल, तर त्या नॉर्मलवर जाऊ नका, हॉस्पिटलातली तपासणी करून घ्या.

मशीन घरी, माणूस लाइनवर

मध्यम-तीव्र आजारात बहुतेकांना सीपॅप मशीन सांगतात. मास्कमधून हवेचा दाब येतो आणि घशाची वाट उघडी राहते. मशीन प्रत्येक रात्रीचे तास नोंदवतं. रात्री किमान चार तास आणि दहापैकी सात रात्री, हा वापराचा सर्वसाधारण धरलेला मापदंड आहे. आमच्या मामांनी मशीन घेतलं आणि 'धूळ बसेल' म्हणून घरी कपाटात ठेवलं. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी मशीनचं मेमरी कार्ड लावून बघितलं तर जेमतेम पंचवीस रात्री. मामा खोटं बोलत नव्हते, घरी होते त्या प्रत्येक रात्री लावलं होतं. पण रिपोर्टला तुमची ट्रिप कळत नाही.

मशीन केबिनमध्ये न्यायचं तर मोठ्या ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची असते आणि छोट्या टेम्पोची १२ ची. मशीनला किती लागतात ते त्याच्या मागे लिहिलेलं असतं. जुळणारा कन्व्हर्टर मशीनच्या कंपनीकडूनच घ्या, रस्त्यावरचा चार्जर लावून मशीन जाळलेला माणूस मला माहीत आहे. सगळ्यात जास्त वीज खातो तो हवा गरम-ओली करणारा भाग. बॅटरीवर असताना तो बंद ठेवला तर रात्र निघते. गाडी सुरू करण्याआधी त्या भागातलं पाण्याचं भांडं रिकामं करायचं, नाहीतर पहिल्या गचक्याला पाणी मशीनच्या पोटात. फिल्टर घरच्यापेक्षा लवकर बदलावा लागतो. चाकणच्या एमआयडीसीत गाडी उभी केल्यावर काचेवर काय बसतं तेच त्यातही बसतं.

मास्कमधून हवा सुटत असेल तर आधी मिशीकडे बघा. भरघोस मिशीवर पूर्ण तोंडाचा मास्क नीट बसत नाही. मिशी काढा असं मी मामांना म्हणू शकलो नाही, नाकाचा छोटा मास्क मिळाला आणि काम झालं. तोंड कोरडं पडत असेल तर तोंडाने श्वास जातोय, नाक चोंदलंय का ते दाखवा. पहिल्याच आठवड्यात 'गुदमरतं' म्हणून परत करू नका. सुरुवातीला दाब हळूहळू वाढवण्याची सोय मशीनमध्ये असते, ती चालू करून घ्या.

दोन डॉक्टर, एकमेकांना माहीत नसलेले

झोपेचा उपचार एका डॉक्टरकडे आणि फॉर्म १एची सही दुसऱ्याकडे, अशी आपल्याकडची रीत. पहिल्याकडून एक पानाचं पत्र मागून घ्या : निदान काय, उपचाराआधीचा आकडा, मशीनवरचा आकडा, किती रात्री किती तास वापर, दिवसा किती झापड येते त्याचा स्कोअर आणि पुढची तपासणी कधी. ते पत्र सही करणाऱ्यासमोर ठेवा. डॉक्टरही अशा वेळी सुटकेचा श्वास टाकतात, मी बघितलंय.

आणि हे शेवटच्या आठवड्यात होत नाही. लायसनची मुदत संपण्याआधी एक वर्षापासून रिन्यूअलचा अर्ज करता येतो. ट्रान्सपोर्ट लायसन आता पाच वर्षांचं असतं, पूर्वी तीन होतं. मुदत संपल्यावरही वर्षभर अर्ज चालतो, त्यानंतर परत टेस्ट. पण अर्ज चालतो म्हणजे गाडी चालवता येते असं नाही, पूर्वीची ३० दिवसांची सवलत २०१९ च्या दुरुस्तीत गेली. अर्जाआधी दोन-तीन महिने मशीन वापरून झालेलं असलं की पत्रात लिहायला काहीतरी असतं. संगम पुलाजवळच्या किंवा मोशीच्या आरटीओत पोचल्यावर हे पत्र आठवून उपयोग नाही.

लोणी काळभोरच्या तेलाच्या डेपोवरून टँकर भरणाऱ्यांनी जास्त जपावं. धोकादायक मालाचं लायसन तीनच वर्षांचं असतं.

मोबाइलवर फिरणारे अमेरिकेतले व्हिडिओ बघून काही जण विचारायला येतात, "आपल्यालाही दरवर्षी मशीनचा डेटा द्यावा लागतो का?" तिकडे ट्रकवाल्याचं मेडिकल जास्तीत जास्त दोन वर्षांचं असतं, आणि हा आजार असेल तर डॉक्टर बहुधा एकाच वर्षाचं देऊन वापराची नोंद मागतात. इंग्लंडमध्ये अवजड वाहनवाल्याचा दरवर्षी आढावा होतो. आपल्या फॉर्म १एला असा डेटा जोडायची सक्ती नाही. तरी मामा तो प्रिंट काढून आणतात. मालकाला दाखवायला.

मालकांचं तेवढं राहिलं. डायव्हरने खरं सांगितलं आणि तुम्ही त्याच दिवशी त्याच्या हातातून चावी काढून हिशेब मिटवलात, तर बाकीचे बारा जण काय शिकतील? आमच्या शेठने मामांना मशीन सुरू होऊन अंगवळणी पडेपर्यंत गाडीवर न घेता यार्डात लोडिंगवर ठेवलं, पगार चालू ठेवून. तिसऱ्या आठवड्यात आणखी दोघे माझ्या टेबलाशी आले. एकाने आधी दार लावून घेतलं.