कपाळावरच्या आठ्या आणि सुरकुत्या: उपाय करण्याआधी या चुका टाळा

मराठीत कपाळावरच्या रेषांना दोन शब्द आहेत आणि ते एकाच अर्थाचे नाहीत. आठी घातली जाते, सुरकुती पडते. कोणी कपाळाला आठ्या घातल्या तर राग ओसरल्यावर त्या दिसेनाशा होतात. सुरकुती मात्र माणूस गाढ झोपला तरी जागची हलत नाही. त्वचारोगतज्ज्ञही हाच भेद करतात: केवळ हालचालीने उमटणारी रेषा आणि चेहरा स्थिर असतानाही दिसणारी रेषा. पहिलीवर क्रीमचा फारसा परिणाम होत नाही, कारण ती स्नायूची करामत असते. दुसरीवर केवळ स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनने (बोटॉक्ससारख्या) भागत नाही, कारण तिथे त्वचाच बदललेली असते. हा भेद न करता केलेली खरेदी हीच पहिली आणि सर्वांत महागडी चूक होय. तो ओळखण्यासाठी आरसा पुरेसा आहे. खिडकीतून एका बाजूने उजेड येत असताना चेहरा सैल सोडून पाहावे आणि मग भुवया वर उचलून पाहावे.

कपाळाच्या त्वचेखाली फ्रंटॅलिस नावाचा पातळ स्नायू असतो. त्याचे तंतू उभे असल्यामुळे तो आकसला की त्वचेला त्यांच्या काटकोनात, म्हणजे आडव्या घड्या पडतात. भुवया वर उचलणारा हा एकमेव स्नायू आहे. भुवयांच्या मधल्या उभ्या रेषा दुसऱ्याच स्नायूंमुळे पडतात आणि ते स्नायू भुवया खाली व आत ओढतात. वर ओढणारा एक आणि खाली ओढणारे अनेक, हे नाते लक्षात ठेवावे. इंजेक्शनांच्या बाबतीतल्या निम्म्या तक्रारी त्यातून उलगडतात. तरुणपणी त्वचेतील कोलॅजेन आणि इलॅस्टिन हे तंतू शाबूत असल्यामुळे घडी उलगडते. वय, ऊन आणि धूम्रपान यांनी ते झिजले की घडी तशीच राहते. रेशमी साडीची घडी वर्षानुवर्षे मोडली नाही तर ती घडीवरच विरते, हे कपाट आवरणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असते. कपाळाचेही तसेच आहे.

डोळे न तपासता कपाळावर खर्च करणे

या चुकीबद्दल सर्वांत कमी बोलले जाते, म्हणून तिच्यावर थोडे अधिक थांबतो. चाळिशीच्या आसपास जवळचे दिसणे कमी होऊ लागते आणि त्यावरच्या चष्म्यालाही आपण ‘चाळीशी’ म्हणतो. तो चष्मा लावणे म्हणजे म्हातारपण मान्य करणे, या समजुतीने कित्येक जण दोन-तीन वर्षे मोबाइल लांब धरून, भुवया उंचावून किंवा डोळे बारीक करून वेळ मारून नेतात. मीही त्यातलाच होतो. वय लपवण्यासाठी टाळलेला चष्मा कपाळावर वय लिहून ठेवतो, ही गंमत मला तेव्हा समजली नाही. प्रोग्रेसिव्ह काचांचा (एकाच काचेतून लांबचे आणि जवळचे दाखवणारा) चष्मा चुकीच्या उंचीवर बसवलेला असेल, तरी दिवसभर मान आणि भुवया ताणल्या जातात. असा चष्मा दुकानात परत नेऊन नीट बसवून घ्यावा.

दुसरे कारण पापण्यांचे आहे. वरची पापणी वयानुसार सैल पडून डोळ्यावर उतरू लागली, की मेंदू आपल्या नकळत भुवया उचलून नजर मोकळी ठेवतो. यासाठी घरी एक साधी चाचणी करता येते. डोळे मिटावेत, कपाळ पूर्ण सैल सोडावे, भुवया बोटांनी हलकेच जागेवर धराव्यात आणि मग डोळे उघडावेत. वरचा भाग झाकल्यासारखा वाटला, तर ती रेषा कपाळाची नसून पापणीची तक्रार आहे आणि तिचा निवाडा नेत्रतज्ज्ञाकडे होतो. पापणी अचानक उतरली, एकाचे दोन दिसू लागले किंवा दोन्ही बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, तर हा सौंदर्याचा प्रश्न उरत नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पुण्यातल्या दुचाकीस्वारांसाठी आणखी एक गोष्ट. कोथरूडहून खराडी किंवा मगरपट्ट्याकडे कामाला जाणाऱ्याच्या डोळ्यांवर सकाळी पूर्वेचे ऊन येते आणि संध्याकाळी परतताना पश्चिमेचे. हिंजवडीला जाणारा या बाबतीत सुदैवी, कारण दोन्ही वेळा सूर्य त्याच्या पाठीशी असतो. वाहतुकीचे दुर्दैव वेगळे. चेहऱ्याला स्कार्फ घट्ट बांधण्याची पुणेरी पद्धत गाल आणि नाक वाचवते, परंतु उघड्या राहिलेल्या डोळ्यांभोवती आणि भुवयांच्या मध्ये तासभर आठ्या घातलेल्याच असतात. अतिनील किरण अडवणारा गॉगल किंवा त्या दर्जाची हेल्मेटची काच हा या रेषांवरचा खरा प्रतिबंधक उपाय आहे.

सनस्क्रीन लावूनही न लावल्यासारखे वापरणे

मे महिन्याच्या मध्याला, १३ तारखेच्या सुमारास, पुण्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशी नाहीशी होते. त्या दिवसांत कपाळ आणि विरळ केसांचा टाळू यांना किती ऊन लागत असेल, याची कल्पना करावी. तरीही बहुतेक जण सनस्क्रीन गालांना लावतात आणि उरलेले कपाळावर पुसतात. बाटलीवरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा, हा प्रयोगशाळेत त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर लावून मोजलेला असतो. प्रत्यक्षात आपण त्याच्या निम्मे किंवा त्याहून कमी लावतो, त्यामुळे एसपीएफ ५० चे संरक्षण हाती येत नाही. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी व मधल्या बोटाच्या लांबीइतक्या दोन रेषा, हे ढोबळ माप चांगले आहे. केसांच्या कडेपर्यंत ते पोहोचले पाहिजे आणि उन्हात असताना दर दोन तासांनी पुन्हा लावले पाहिजे.

एसपीएफ हा आकडा मुख्यतः त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी या अतिनील किरणांविषयी सांगतो. सुरकुत्यांना अधिक जबाबदार असलेले यूव्हीए किरण खोलवर जातात आणि साध्या काचेतूनही आत येतात, म्हणून वेष्टनावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ (दोन्ही किरणांपासून संरक्षण) किंवा यूव्हीएची श्रेणी सांगणारे पीए आणि त्यापुढील ‘+’ चिन्हे पाहावीत. अठ्ठावीस वर्षे ट्रक चालवलेल्या एका ६९ वर्षांच्या अमेरिकन चालकाचे छायाचित्र २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. खिडकीकडचा त्याचा डावा गाल खोल सुरकुत्यांनी भरलेला होता, तर उजवा त्या मानाने तरुण. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, एवढाच फरक. ऑस्ट्रेलियात ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे झालेल्या चाचणीत, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य मर्जीनुसार लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी आढळले. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले आणि माझ्या मते कोणत्याही महागड्या सीरमपेक्षा ते अधिक वजनदार आहेत.

घामाबरोबर सनस्क्रीन डोळ्यांत उतरून झोंबत असेल, तर ते बंद करण्याऐवजी भुवयांच्या वर झिंक ऑक्साइडचे किंवा कांडीच्या स्वरूपातले वापरून पाहावे आणि हेल्मेट घालण्यापूर्वी पंधरा मिनिटे थांबावे. पांढरट थर दिसत असेल, तर रंगछटा असलेले घ्यावे. त्यातील आयर्न ऑक्साइड दृश्य प्रकाशाने होणारे काळे डागही रोखण्यास मदत करते. सावळ्या त्वचेत मेलॅनिन अधिक असल्यामुळे सुरकुत्या उशिरा येतात, पण डाग लवकर पडतात, म्हणून आपल्यासाठी ही बाब गौण नाही.

रेटिनॉइडची घाई

सुरकुतीवर सर्वाधिक पुरावा असलेले लेपाचे औषध म्हणजे ट्रेटिनॉइन, हे रेटिनॉइड म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या वर्गातले औषध. मुरुमांसाठी वापरात आलेल्या या औषधाला उन्हाने जून झालेल्या त्वचेसाठी अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली. ते कोलॅजेनची निर्मिती वाढवते, पण सावकाश: फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. पहिल्या दोन आठवड्यांत त्वचा लाल होऊन सोलू लागली की लोक औषध सोडतात, किंवा उलट, लवकर गुण यावा म्हणून जाड थर देतात. दोन्ही चुकीचे. डॉक्टरांच्या सल्ल्याने ०.०२५ टक्के तीव्रतेपासून, आठवड्यातून दोन रात्री, संपूर्ण चेहऱ्यासाठी वाटाण्याएवढी मात्रा कोरड्या त्वचेवर लावून सुरुवात करावी. आग होत असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग औषध आणि वर पुन्हा मॉइश्चरायझर लावावे. पुण्यातील हिवाळ्याच्या कोरड्या हवेत ही काळजी विशेष घ्यावी लागते. गरोदरपणात आणि गर्भधारणेचा विचार असताना हे औषध पूर्णपणे टाळावे. दुकानात मिळणाऱ्या रेटिनॉललाही हाच नियम लावावा.

येथे एक चूक पार्लरमध्ये घडते. रेटिनॉइड चालू असताना कपाळाचे थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग केले, तर नाजूक झालेली वरची त्वचा केसांबरोबर सोलून निघू शकते आणि आपल्या त्वचेवर त्या जागी काळा पट्टा उरतो. औषध काही दिवस आधी थांबवावे, किती ते डॉक्टरांना विचारावे आणि पार्लरमध्ये खुर्चीवर बसण्यापूर्वीच सांगावे.

स्वयंपाकघर, मालीश आणि पट्ट्या

दुधाची साय, खोबरेल तेल किंवा कोरफड यांनी त्वचा मऊ होते आणि कोरडेपणाच्या बारीक रेषा काही तास कमी दिसतात. तेवढ्या अपेक्षेने लावायला हरकत नाही. अंड्याचा पांढरा भाग वाळताना त्वचा ताणतो आणि धुतल्यावर परिणाम संपतो. लिंबाचा रस मात्र लावूच नये, कारण तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग पडतात. खायच्या सोड्यालाही कपाळावर काही काम नाही. भुवया वर-खाली करण्याचे ‘फेशियल योगा’चे व्यायाम हा तर उलटा उपाय, कारण ज्या हालचालीने घडी पडते तीच हालचाल आपण मोजून करतो. रात्री कपाळावर लावायच्या पट्ट्या सकाळी रेषा सपाट दाखवतात. दुपारपर्यंत कपाळ पूर्वपदावर येते.

ओळखीच्या दुकानातून आणलेली ‘मिक्स’ क्रीम

डाग फिके करणारे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखे स्टेरॉइड एकत्र असलेली क्रीम गोरेपणासाठी म्हणून सर्रास वापरली जाते. पहिल्या महिन्यात चेहरा तजेलदार दिसतो, म्हणून शेजारणीलाही सुचवली जाते. स्टेरॉइड महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, कपाळावर केस आणि पुटकुळ्या येतात; म्हणजे सुरकुतीला पोषक अशीच त्वचा तयार होते. सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी घातली. वापर झालाच असेल, तर एकदम बंद केल्यावर चेहरा भडकतो, म्हणून ती त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली सोडावी. ससून रुग्णालयाच्या त्वचारोग विभागातही यासाठी दाखवता येते.

इंजेक्शनविषयीचे गैरसमज

बोटॉक्स हे एका कंपनीच्या उत्पादनाचे नाव आहे. औषध म्हणजे बॉट्युलिनम टॉक्सिन. कॅनडातील व्हँकुव्हर येथील नेत्रतज्ज्ञ जीन कॅरदर्स यांच्याकडे येणाऱ्या, पापण्यांचे आचके असलेल्या रुग्णांच्या भुवयांमधल्या आठ्या या औषधाने नाहीशा झाल्या. त्यांनी आणि त्यांचे त्वचारोगतज्ज्ञ पती अ‍ॅलिस्टर यांनी १९९२ मध्ये हे प्रसिद्ध केले. अमेरिकेत भुवयांमधल्या रेषांसाठी २००२ मध्ये आणि कपाळाच्या आडव्या रेषांसाठी २०१७ मध्ये मान्यता मिळाली. मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप ते अडवते. तीन-चार दिवसांत परिणाम सुरू होतो, दोन आठवड्यांत स्थिरावतो आणि साधारण तीन ते चार महिने टिकतो. मुलीच्या लग्नाला तीन दिवस असताना इंजेक्शन घेणारी आई म्हणूनच चूक करते; महिनाभर आधी घेतल्यास दुरुस्तीला वाव राहतो.

‘फक्त आडव्या रेषा घालवा, बाकी काही नको’ असा आग्रह धरणे ही आणखी एक चूक. केवळ फ्रंटॅलिस सैल केला, तर खाली ओढणाऱ्या स्नायूंना मोकळे रान मिळते आणि भुवया डोळ्यांवर उतरतात. त्यामुळेच मान्यताप्राप्त मात्रेत कपाळाच्या २० युनिटांबरोबर भुवयांमध्येही २० युनिटे धरलेली आहेत. वेगवेगळ्या कंपन्यांच्या औषधांची युनिटे मात्र एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे मैत्रिणीला किती युनिटे दिली यावरून दरांची तुलना करू नये. ज्यांच्या पापण्या आधीच सैल आहेत आणि जे कपाळाच्या जोरावर पाहतात, त्यांच्यासाठी हे इंजेक्शन नजरेवर झापड आणू शकते. वरची बोटांची चाचणी इथे उपयोगी पडते. भुवईचे बाहेरचे टोक विचित्र वर चढले, तर घाबरू नये. दोन आठवड्यांनी अगदी थोड्या मात्रेने ते सुधारता येते. उतरलेली भुवई मात्र औषध ओसरेपर्यंत सहन करावी लागते. गरोदर व स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी आणि मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा आजार असलेल्यांनी ते घेऊ नये.

खोल रेषेत फिलर, म्हणजे त्वचेखाली टोचून खळगा भरणारे जेल, भरून घेण्याचा मोह भुवयांच्या मध्ये तरी आवरावा. तिथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तपुरवठ्याशी जोडलेल्या असतात आणि फिलर त्यात शिरल्यास त्वचा मरते, क्वचित कायमचे अंधत्वही येते. अल्पावधीचा कोर्स केलेल्या ब्यूटिशियनकडून, घरी किंवा एखाद्या हॉलमध्ये सवलतीत ही इंजेक्शने घेणे म्हणूनच धोक्याचे आहे. डॉक्टरांची पदवी आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी पाहावी, बाटली आपल्यासमोर उघडायला सांगावी आणि तिच्यावरील बॅच क्रमांक व मुदत यांचे छायाचित्र घ्यावे. त्याच भेटीत भुवया सैल आणि उंचावलेल्या अशी आपली दोन छायाचित्रेही काढून घ्यावीत. दोन आठवड्यांनी तपासणीला जाताना तक्रार सांगायची असेल, तर ‘आधी असे नव्हते’ यापेक्षा ती दोन छायाचित्रे डॉक्टरांच्या अधिक कामी येतात.