रीफ टँकसाठी परवडणारा एलईडी घेताय? या चुका टाळा

रीफ टँक म्हणजे कोरल (प्रवाळ) वाढवायची खाऱ्या पाण्याची टाकी. माझ्या दोन फुटी टाकीवरच्या पहिल्या लाइटच्या खोक्यावर ‘१६५ वॅट’ असं ठळक छापलेलं होतं. आठवडाभराने वॅटमीटर आणला, लाइटचे निळा आणि पांढरा असे दोन्ही चॅनल पूर्ण उघडले आणि प्लग त्यात लावला. आकडा आला १०८. आत ३ वॅटचे ५५ एलईडी होते, त्यांचा गुणाकार तेवढा खोक्यावर छापलेला. स्वस्त लाइटमध्ये हे सर्रास चालतं, कारण एलईडी पूर्ण ताकदीने चालवले तर लवकर जळतात, म्हणून ते कमी करंटवर ठेवतात. त्यामुळे वॅटच्या आकड्यावरून दोन लाइटची तुलना करू नका. विक्रेत्याला ‘प्रत्यक्षात वीज किती खेचतो?’ हे विचारा. १०० वॅट खेचणारा लाइट रोज ९ तास चालला तर महिन्याला २७ युनिट होतात, तेही खर्चात धरा.

मला तेव्हा वाटलं, वॅट कमी मिळाले म्हणजे प्रकाशही कमी पडत असणार. टाकीतल्या छत्रीच्या आकाराच्या लेदर कोरलने टोपीवरचे तुरे आत ओढून घेतले होते. तळाशी बशीएवढं पसरलेलं मशरूम (हेही एक मऊ कोरल) रुपयाच्या नाण्याएवढं झालं होतं. मी लाइट आणखी वाढवला. चार दिवसांत मशरूमचा वरचा भाग फिकट, जवळजवळ पांढरा पडला, तेव्हा कुठे कळलं की त्याला प्रकाश सोसत नव्हता.

कमी आणि जास्त यात गल्लत

मला वाटतं, घरगुती टाकीत सगळ्यात जास्त नुकसान याच गल्लतीने होतं. कोरलच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि ते प्रकाशावर अन्न तयार करून कोरलला देतं. प्रकाश सोसवेनासा झाला की त्याच शैवालातून ऑक्सिजनची घातक रूपं तयार व्हायला लागतात, आणि कोरल त्या शैवालालाच बाहेर टाकतं. म्हणून ते पांढरं पडतं. प्रकाश कमी असेल तर उलट होतं: शैवाल वाढतं, रंग तपकिरी होतो, झोअँथिडचे (फुलांच्या झुपक्यासारखं दिसणारं मऊ कोरल) देठ लांबतात आणि कोरल लाइटकडे मान उंचावल्यासारखं दिसतं. आक्रसणं आणि फिकटपणा दिसला तर प्रकाश कमी करा. तपकिरीपणा आणि लांबलेले देठ दिसले तरच वाढवा, तेही हळूहळू.

लेदर कोरल मात्र मधूनमधून मेणासारखी कात टाकतं आणि त्या काळात काही दिवस मिटून बसतं. अंगावर चकचकीत पापुद्रा दिसला तर लाइटला हात लावू नका, फक्त पाण्याचा प्रवाह त्याच्यावरून जाऊ द्या.

माझं मशरूम मी दगडाच्या कपारीत सावलीला सरकवलं. उघडायला त्याला तीन आठवडे लागले.

आधी कोरल ठरवा, मग लाइट

महागडे, झगझगीत लाइट मुख्यतः कठीण कोरलसाठी लागतात. आपल्याकडे मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघही त्याच अनुसूचीत आहे. समुद्रपंखे, म्हणजे पंख्यासारखे पसरलेले प्रवाळसुद्धा तिथेच. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करताना दिसलेला तुकडा पिशवीत घालून आणणं हा गुन्हा आहे. आपल्या किनाऱ्यावर प्रवाळ मोजकंच आहे, त्याला तिथेच राहू द्या. घरच्या टाकीसाठी मशरूम, झोअँथिड, लेदर अशी मऊ कोरल भरपूर झाली आणि त्यांना स्वस्त लाइट व्यवस्थित पुरतो.

कोरलला मिळणारा उपयोगी प्रकाश पार या मापात मोजतात. मशरूमला ५० ते १००, झोअँथिड आणि लेदरला १०० ते १५० हा ढोबळ अंदाज. पारमीटर लाइटपेक्षाही महाग असतो, त्यामुळे विकत घेण्यापेक्षा छंदातल्या ओळखीच्यांकडून एका दिवसासाठी मागून आणा. मोबाइलच्या लक्स ॲपवर भिस्त ठेवू नका. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे, आणि आपल्या डोळ्याला निळा प्रकाश मंद भासतो. टाकी अंधारी दिसते म्हणून पांढरा चॅनल वाढवत नेणं ही चूक इथूनच सुरू होते. पाण्यात खोल जाताना लाल रंग आधी शोषला जातो आणि निळा शेवटपर्यंत पोचतो, कोरलच्या शैवालाचीही जडणघडण त्यालाच सरावलेली. ४२० ते ४६० नॅनोमीटरचे निळे एलईडी भरपूर असलेला लाइट घ्या. गोड्या पाण्यातल्या झाडांसाठीचा ६५०० केल्विनचा पांढरा लाइट इथे कामाचा नाही.

लावताना

या लाइटना बहुधा ९० अंशांच्या लेन्स असतात. लाइट पाण्याच्या अगदी जवळ टांगला तर मधोमध भाजणारा झोत पडतो आणि कोपरे अंधारे राहतात. पाण्यापासून २५ ते ३० सेंटीमीटर वर ठेवा. नव्या लाइटची सुरुवात २० टक्क्यांवर करून चार-पाच आठवड्यांत वाढवत न्या. डिमरच्या बटणावर आकडे नसतील तर मार्कर पेनने खुणा करा. मी दर रविवारी एक खूण पुढे सरकवायचो. निळा ८ ते ९ तास, पांढरा ४ ते ५ तास पुरे. काचेवर हिरवं शेवाळ वाढलं की सगळे लाइटला दोष देतात, पण आधी पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट तपासा.

टायमर घेताना बॅटरी असलेला डिजिटल घ्या. चकतीवाला स्वस्त टायमर वीज गेली की जागीच थांबतो. पावसाळ्यात आमच्याकडे रोज तास-दीड तास वीज जायची. काही दिवसांत लाइट रात्री उशिरापर्यंत जळत राहायला लागला आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

बिघडला तर

मीठ हा या लाइटचा खरा शत्रू. पंख्याच्या पात्यांवर पांढरा थर चढतो, पंखा अडकतो, लाइट तापतो आणि मिणमिणायला लागतो. महिन्यातून एकदा प्लग काढून कोरड्या ब्रशने झाडा. वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत जाणार नाही. घरात आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर टाकी भरण्याआधी बसवून घ्या.

एका ओळीतले एलईडी एकदम गेले तर लाइट फेकून देऊ नका. ते बहुधा सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेले असतात, एक जळाला की अख्खी ओळ बंद पडते. जळालेला तेवढा एलईडी बदलला की ओळ पुन्हा लागते. पूर्ण चॅनलच गेला असेल तर संशय ड्रायव्हरवर, म्हणजे एलईडींना करंट पुरवणाऱ्या भागावर घ्या. म्हणूनच खरेदीआधी ड्रायव्हर आणि पंखा सुटा मिळतो का, हे विचारून ठेवा. मिळत नसेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी दुसरा लाइट बघा.