काआनापालीला स्नॉर्केलिंग: या चुका टाळा

हवाईतल्या माऊई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर काआनापालीला पोचल्यावर पहिली चूक तासाभरातच होते. हॉटेलसमोरच मास्क चढवायचा आणि अर्धा तास पाण्यात तोंड घालून तरंगायचं. दिसते काय, तर वाळू. जवळपास पाच किलोमीटरची पुळण आहे ती. वाळूत ना खायला काही, ना लपायला जागा, मग मासे तिथे कशाला फिरकतील? ते असतात उत्तर टोकाला, पुऊ केकाआ या लाव्हाच्या काळ्या खडकाभोवती. तिथवर चालत जा. वाटेत दुसरी हॉटेलं लागतात म्हणून बिचकू नका, हवाईतले किनारे सगळ्यांसाठी खुले आहेत.

नाश्ता हाणून अकराला जाऊ म्हणाल, तर तोवर वारा सुटलेला असतो आणि पाणी गढूळ. आठच्या आत उतरा.

मास्कमध्ये पाणी शिरतंय? पट्टा आणखी आवळू नका, त्याने कड वाकडी होऊन जास्तच गळतं. कडेखाली केस अडकलेत का बघा. माझ्या बाबतीत गुन्हेगार मिशी निघाली. सगळी काढायची हिंमत झाली नाही. नाकाखालची बारीक पट्टी भादरली, तेवढ्यावर भागलं. काच धुरकटत असेल तर आतून थुंकी चोळून विसळा. किळस वाटेल, पण गुण येतो. चष्मा मास्कखाली बसत नाही, नंबरचा मास्क मागा. फिन्स, म्हणजे पायातले पोहण्याचे पंख, घालून चालायचं तर उलटं, पाठीकडे. मात्र नजर लाटेवरच ठेवा.

मालवणला लाइफ जॅकेट घालून गाइडच्या हाताला धरून पोहलेल्यांची खरी गफलत पुढेच होते. इथे हात धरायला कोणी नसतं. या खडकापाशी जीवरक्षकांचा मनोराही नाही. तो दक्षिणेला हानाकाओओ पार्कवर आहे. मागे हॉटेलचे दिवे आणि छत्र्या दिसतात, म्हणून समुद्र पाळीव वाटतो. पण खडकाच्या टोकाला वळसा घातला की प्रवाहाची ओढ लागते. आतल्या, किनाऱ्याकडच्या बाजूलाच राहा, जोडीने पोहा आणि दम लागला तर लगेच बाहेर या. हवाईच्या जुन्या श्रद्धेनुसार मृतांचे आत्मे याच खडकावरून परलोकात उडी घेतात. आपल्याला घाई नाही.

सनस्क्रीन भारतातून नेताना डबीवरचे घटक वाचा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या क्रीमच्या विक्रीवर हवाईत 2021पासून बंदी आहे, आणि माऊईत ऑक्टोबर 2022पासून फक्त खनिज क्रीम चालतं, म्हणजे झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं. त्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट बरा. प्रवाळावर उभं राहू नका. कासव, तिथल्या भाषेत होनू, दिसलं की सेल्फीसाठी मागे लागू नका. निदान तीन मीटर लांब राहा.

हिवाळ्यात उत्तरेकडून मोठ्या लाटा येतात, तेव्हा बरेच दिवस पाण्यात उतरताच येत नाही. पण शांत दिवस सापडला तर कान बुडवून क्षणभर हालचाल थांबवा. दूरवरून कुणीतरी कण्हल्यासारखं, मग दार करकरल्यासारखं ऐकू येतं. हंपबॅक देवमासे गात असतात.